जुन्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन टाकतोय, बाहेरून लावायला कमी आवाजाचा भरवशाचा फ्युएल पंप कुठला घ्यावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कार्बोरेटरवाली जुनी एमजी ४१० जिप्सी आहे, त्यात मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन बसवताय, टाकी जुनीच ठेवायचीय आणि चेसिसला बाहेरून लावता येईल असा इलेक्ट्रिक पंप हवाय, जो आपण गाडीत बसल्यावर कोकलणार नाही आणि घाटात दगा देणार नाही. मी हेच काम कोल्हापुरात उद्यमनगरात एका मिस्त्रींच्या शेडमध्ये तासन्‌तास उभं राहून करून घेतलंय आणि त्यात तीन पंप झाले. पहिले दोन तसे चांगलेच होते, वाट मीच लावली त्यांची.

पहिला घेतला तो सरळ तासाला २५५ लिटरवाला, कारण जो तो सांगत होता मोठा घे, कमी पडायला नको. हिशोब मी नंतर केला. पेट्रोल इंजिन फुल लोडवर एका हॉर्सपॉवरला तासाला अंदाजे अर्धा पौंड पेट्रोल खातं. तुमचं इंजिन ८५ हॉर्सपॉवर धरा, म्हणजे साडेबेचाळीस पौंड, किलोत १९ च्या थोडं वर आणि लिटरमध्ये २६ च्या आसपास, तेही पाय पूर्ण खाली दाबलेला असताना. मग २५५ लिटरचा पंप उरलेलं सगळं पेट्रोल नुसतं फिरवत बसतो, इंजिनपर्यंत नेतो, गरम करतो आणि रिटर्न पाइपने परत टाकीत ओततो, आणि ही सगळी उठाठेव कानाला ऐकू येते. ३ बारला तासाला ८०-१०० लिटर देणारा पंप तुम्हाला पोटभर झाला. फक्त डब्यावरचा आकडा कुठल्या प्रेशरला दिलाय ते बघा, काहीजण मोकळ्या पाइपचा, म्हणजे प्रेशर नसतानाचा, आकडा छापतात.

आता आवाज. तो पंप मिस्त्रींनी पत्र्याच्या पट्टीने चेसिसला आवळून बसवला होता, नट अगदी कचकचीत, आणि चावी फिरवली की मागच्या सीटखालून घूंऽऽ असा सूर यायचा. पंप खराब आहे म्हणून परत करायला निघालो होतो. मिस्त्रींनी पट्टी खोलली, पंप नुसता हातात धरला आणि म्हणाले, "आता लावा चावी." आवाज जवळजवळ गायब! परत चेसिसला टेकवला की घूं, उचलला की शांत. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा लावल्यावर जे होतं तेच, तार तीच, भोपळा म्हणजे आपली चेसिस आणि वरचा पत्रा. तेव्हापासून पंपाभोवती जाड रबर, त्यावरून क्लॅम्प, आणि क्लॅम्प चेसिसला धरायला दोन्हीकडे स्टड असलेले छोटे रबर माउंट, असं करतो. धातूला धातू कुठंच लागता कामा नये. आणि हो, पंपानंतर लगेच लोखंडी पाइप जोडू नका, मध्ये फूटभर तरी रबरी इंजेक्शन होस ठेवा, नाहीतर तोच सूर पाइपातून पुढं डॅशबोर्डपर्यंत येतो.

एवढं करूनही काही पंपांचा आवाज राहतोच. इनलाइन, म्हणजे टाकीबाहेर पाइपच्या मध्ये बसणारे, इंजेक्शन पंप बहुतेक रोलर जातीचे असतात, आत छोटे रोलर फिरून पेट्रोल ढकलतात, त्यांना थोडी गुणगुण असणारच. टर्बाइन जातीचे शांत, पण ते बहुतेक टाकीतच बसायला बनवलेले. बॉशचा ०४४ नाहीतर वॉलब्रोचा जीएसएल ३९२ यांची नावं तुम्हाला जिथंतिथं दिसतील, दोन्ही दणकट आहेत पण टर्बोवाल्या मोठ्या पॉवरच्या गाड्यांसाठी, आणि आवाजाला बदनाम. तुमच्यासाठी बॉशचाच ०५८०४६४०७० बघा, मी शेवटी तोच लावला. तुमच्या गरजेपेक्षा तोही मोठाच आहे, पण रबरात बसवल्यावर इंजिन चालू असताना मला ऐकू येत नाही, फक्त चावी टाकल्यावर दोन सेकंद प्राइम होतो, म्हणजे पाइपात प्रेशर भरतो, तेवढाच. डुप्लिकेट माल लई आहे, तेव्हा पुण्यात नाना पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि भाव फारच खाली असेल तर सोडून द्या. कार्बोरेटरसाठी विकतात तो टिकटिक करणारा चौकोनी पंप घेऊ नका, तो ३-४ ते फारतर ७ पीएसआय देतो, आणि तुमच्या इंजिनला हवेत अडीच ते तीन बार म्हणजे चाळीसच्या आसपास पीएसआय.

आता घाटाची गोष्ट. दुसरा पंप मी इंजिनजवळ लावला होता, वायर जवळ पडते आणि चिखल लागत नाही म्हणून, फार हुशारी केली असं वाटलं होतं. मे महिन्यात वैभववाडीकडून करूळ घाट चढताना, टाकी पावभर, आधी पंपाची गुणगुण किंचाळण्यावर गेली, मग गाडीने दोन आचके दिले आणि गगनबावड्याच्या अलीकडे बंद. पंपावर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं बसलो तेव्हा सुरू झाली. झालं असं होतं की हे पंप ढकलायला वाघ असतात आणि ओढायला शेळी. मागच्या टाकीतून जुन्या बारीक पाइपने त्याला ओढायला लावलं की पाइपात व्हॅक्यूम येतो, व्हॅक्यूममध्ये गरम पेट्रोल लवकर उकळतं, बुडबुडे होतात, आणि बुडबुड्यांवर पंप किंचाळतो. शिवाय पंपाला थंड ठेवायचं आणि वंगण द्यायचं काम पेट्रोलच करतं, म्हणजे तो किंचाळत असतो तेव्हा झिजतही असतो. ६ मिमी भोकाच्या पाइपातून १०० लिटरचा पंप सेकंदाला जवळपास १ मीटर वेगाने पेट्रोल ओढतो, २५५ वाला अडीच मीटर, आता तुम्हीच बघा कुणाचा घसा आधी सुकणार.

म्हणून पंप टाकीला चिकटून मागे, शक्यतो टाकीच्या तळाच्या पातळीत किंवा खाली, म्हणजे पेट्रोल आपोआप उतरून त्याच्यापर्यंत येईल. सायलेन्सरपासून लांब, आणि दगडाचा मार चुकवायला चेसिसच्या आतल्या बाजूला. ओढण्याच्या बाजूला जाड पाइप, कमी वळणं आणि मोठ्या जाळीचाच फिल्टर, १०० मायक्रॉनच्या आसपास. बारीक फिल्टर पंपानंतर. माझ्याकडे सुरुवातीला उलटं लावलं होतं, दुकानदाराने एकच फिल्टर दिला आणि आम्ही तो आधी लावला, तोही आवाजाला कारण होता.

जुन्या टाकीत इंजेक्शनच्या टाकीसारखी पेट्रोल धरून ठेवणारी वाटी नसते, त्यामुळं पाव टाकीखाली वळणावर पंप हवा ओढू शकतो. मी अर्ध्या टाकीखाली जाऊ देत नाही, एवढाच माझा उपाय, छोटी सर्ज टाकी (एक पंप जी सतत भरत राहतो अशी मधली टाकी) लावली तर उत्तम पण मग पंप दोन झाले. खरं सांगू का, बाहेरचाच पाहिजे असा हट्ट नसेल तर एमपीएफआय जिप्सीची टाकी आतल्या पंपासकट मिळते का बघा, मापं घेऊन बसत असेल तर त्याच्याइतकं शांत काहीच नाही, पेट्रोलच आवाज गिळतं. मला तेव्हा मिळाली नाही.

वायरिंगला आळस करू नका. पंपाला रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच), १५ अँपचा फ्यूज, आणि बॅटरीपासून २.५ स्क्वेअर एमएमची वायर. माझ्या बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि पंपावर जेमतेम ११ येत होते, चेसिसचा रंग खरवडून अर्थिंग नीट केल्यावर १३.४ झाले. रिले ईसीयूकडूनच, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडूनच, चालवा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. थेट चावीवर टाकलात तर अपघातात पाइप तुटला तरी पंप पेट्रोल ओततच राहील. जुन्या फोर्ड आयकॉनमध्ये धडकेने पंप तोडणारा स्विच असतो, भंगारात मिळाला तर तो मध्ये टाका.

होस इंजेक्शनचीच घ्या, कार्बोरेटरची साधी ३ बारला टिकत नाही, आणि आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं तेव्हा ई२० चालते का विचारून घ्या, माझी जुनी होस वर्षभरात चिरली. आरटीओचं पण आधी बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला परवानगी आणि आरसीवर नवीन इंजिन नंबर लागतो, नंतर गेलात तर हेलपाटे.

सगळं जोडल्यावर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करून प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू लावून बघा, बॅटरी टॉर्च घेऊन. आणि पहिल्या दोन टाक्या संपल्या की पंपाआधीचा फिल्टर खोला, जुन्या टाकीतून माझ्याकडे चहाचा चमचाभर गंज निघाला होता.