वांग्याच्या कुळातली दक्षिण अमेरिकेतली एखादी रानटी वनस्पती औषधात वापरतात का?

हो. पॅराग्वेतली 'न्युआती पिता' हे ठळक उदाहरण. शास्त्रीय नाव सोलॅनम सिसिम्ब्रिफोलियम. अंगभर काटे, फिकट जांभळी किंवा पांढरी फुलं, आणि काटेरी आवरणात लपलेली लालभडक फळं. रस्त्याकडेला, पडीक रानात आपोआप उगवते. औषधात मुख्यतः मूळ घेतात.

पॅराग्वेत माते या झाडाच्या पानांवर थंड पाणी ओतून 'तेरेरे' नावाचं पेय दिवसभर पितात. त्या पाण्यात ताज्या औषधी मुळ्या आणि पाला खलबत्त्यात ठेचून घालायची रीत तिथल्या मूळनिवासी ग्वारानी लोकांकडून आली आहे. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. न्युआती पिताचं मूळ रक्तदाब उतरावा, लघवी साफ व्हावी म्हणून घालतात. उंदरांवरच्या प्रयोगांत मुळाच्या अर्काने रक्तदाब खरोखर उतरलेला दिसला आहे. पण प्राण्यांवरचा प्रयोग म्हणजे माणसांसाठी सिद्ध झालेलं औषध नव्हे, हे कृपया लक्षात घ्या.

पिकलेलं फळ खातात. पानं आणि कच्ची फळं मात्र टाळावीत, त्यांत सोलॅसोडिनसारखी विषारी अल्कलॉइड्स असतात. गर्भ राहू नये म्हणूनही ही वनस्पती वापरली गेली आहे, म्हणून गरोदर बाईने तिच्या वाटेला जाऊच नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्या दशमुळांतली भुईरिंगणी हिचीच नातेवाईक, पण म्हणून एकीच्या जागी दुसरी वापरू नका.