वाचकांचे प्रश्न : खानापूर ते उद्यमबाग, चौघांत एक कार

प्रश्न : आम्ही चौघे खानापूरहून रोज बेळगावच्या उद्यमबागला कामाला येतो, चौघांच्या चार कार. एकाच गाडीतून आलो तर हवेला खरोखर किती फरक पडेल? पेट्रोलचे पैसे वाटून घेणे कायद्यात बसते का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी हिशेब मांडू. जाऊन-येऊन साधारण 52 किलोमीटर धरा. लिटरला 15 किलोमीटर ॲव्हरेज असेल तर चार गाड्या मिळून रोज सुमारे 14 लिटर पेट्रोल पितात. चौघे एका गाडीत बसल्यावर ओझ्याने ॲव्हरेज 14 वर आले, तरी लागते 3.7 लिटर. म्हणजे दिवसाला दहा लिटर वाचले. एका लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा 24 दिवसांच्या महिन्यात साडेपाचशे किलो कमी झाला.

छातीला बाधतात ते मात्र नायट्रोजनचे ऑक्साइड, अर्धवट जळालेले इंधन आणि सूक्ष्म कण. इथे सकाळची पहिली काही मिनिटे फार महत्त्वाची. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धुरातली घाण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही, तोवर गाडी कितीतरी जास्त घाण सोडते. चार थंड इंजिनांऐवजी एकच सुरू झाले, हा तुमचा मोठा फायदा. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही आणि धूर खालीच कोंडतो, त्या दिवसांत तर हे आवर्जून करा.

घरोघरी फिरून माणसे गोळा करू नका. गावातल्या गल्लीबोळांत चार किलोमीटर जादा फिरलात की बचतीला तिथेच गळती लागते. हमरस्त्यावरची एक जागा ठरवा, चौघांनी तिथवर चालत या. तीन मिनिटांपेक्षा जास्त कोणाची वाट बघायची नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलून घ्या. थांबलात तर इंजिन बंद. रेल्वे गेट पडले तरीही बंदच. चौघांच्या वजनासाठी टायरमध्ये हवा किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेले असते. हवा कमी राहिली तर पेट्रोल जास्त जाते, टायरही कडेने झिजतात.

अशी व्यवस्था बहुतेक वेळा मोडते ती संध्याकाळी. एखाद्याला ओव्हरटाइम लागतो, तो अडकतो आणि दुसऱ्या दिवसापासून आपली गाडी काढतो. म्हणून परतीच्या शेवटच्या बसची वेळ प्रत्येकाला ठाऊक हवी.

पैशांचे म्हणाल तर पाळी लावणे सर्वांत उत्तम : दर आठवड्याला एकाची गाडी, पेट्रोलही त्याचेच. देणेघेणे उरत नाही. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवता येत नाही आणि भाडे घेतल्याचे दिसले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्यामुळे माणशी दर ठरवून नफा काढणे टाळाच. नुसता थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्यांच्या नुकसानीपुरता, विमा असेल तर सोबत्यांच्या दुखापतीची भरपाई अडू शकते. पॅकेज पॉलिसी (आपल्या गाडीचे नुकसानही भरून देणारा विमा) आणि प्रवाशांचे अपघात संरक्षण आहे का, हे चौघांनी एकमेकांना दाखवा.

पाळीत जुनी डिझेल गाडी असेल तर शक्यतो तिला घरीच ठेवा. एप्रिल 2020 पासून विकलेल्या बीएस-6 (धुराचे कडक निकष पाळणाऱ्या) गाड्या कण खूपच कमी सोडतात.

प्रश्न : आम्ही दोघे मोटरसायकलने आणि दोघे बसने बेळगावला येतो. प्रदूषण टाळायला चौघांनी मिळून कार वापरावी का?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : नको. दहा किलोमीटरला दोन मोटरसायकलींना मिळून 0.4 लिटर पेट्रोल लागते, चौघांच्या कारला 0.7. बस तर तुम्ही बसा न बसा, धावणारच आहे. हवेचा फायदा घरी राहिलेल्या कारवरून मोजायचा. तुमच्या बाबतीत उलट एक कार रस्त्यावर वाढेल. दोन मोटरसायकलींच्या जागी एकीवर डबल सीट या, दोघांनाही हेल्मेट घालून. बाकीच्या दोघांनी बस सोडू नये.