सिमवाला राउटर घेताय? आधी जागा शोधा

राउटर घ्यायच्या आधी एक करा. मोबाइल हातात घेऊन घरभर फिरा, माळ्यावरही चढा. कोणत्या कंपनीचं सिम कुठे चांगलं चालतं, ते पाहा. आमच्या कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींत सिग्नल फार अडतो. माझा राउटर मी वर्षभर टीव्हीशेजारी ठेवला होता. माळ्यावरच्या खिडकीत हलवला, आणि मुलीचे ऑनलाइन तास अडकायचे थांबले.

सिग्नलच्या नुसत्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरखाली छापलेला पत्ता टाका, आत 'आरएसआरपी', म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय, हा आकडा दिसेल. तो उणे असतो. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला तर रडतखडत चालेल. राउटर हातभर सरकवा, मिनिटभर थांबा, पुन्हा बघा. या कामाला एक अख्खी दुपार द्या, खरंच सांगतो.

टॉवर लांब असेल तर बाहेरचा अँटेना जोडायची सोय असलेलाच राउटर घ्या, आणि तो कुठल्याही कंपनीचं सिम घेतो ना, हे दुकानातच विचारा. घरात वाय-फाय लांबवर हवं असेल तर वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा, त्याच खोलीत वेग हवा असेल तर ५ गिगाहर्ट्झचा.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. फोनचं आपोआप अपडेट बंद ठेवा, नाहीतर रोजचा डेटा सकाळीच संपेल. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून छोटा यूपीएस लावाच.