‘तसबिरीचा गालिचा’ म्हणावे काय?

राजे, दरवेश, लैला-मजनू यांची चित्रे विणलेल्या जुन्या इराणी गालिच्यांना मराठीत ‘चित्रगालिचा’ म्हणावे की ‘भित्तिगालिचा’, अशी पृच्छा एका वाचकाने केली आहे. माझा कल तिसऱ्याच शब्दाकडे, ‘तसबिरीचा गालिचा’ याकडे आहे.

फारसीत त्याला ‘कालीचे-ये तस्वीरी’ म्हणतात. ‘काली’ म्हणजे मोठा गालिचा, आणि ‘चे’ हा ‘बगीचा’तही आढळणारा लघुत्ववाचक प्रत्यय, मराठीने लहानपणाची ती छटा सोडून दिली, त्यामुळे दिवाणखानाभर पसरलेलाही आपल्याकडे गालिचाच. अरबीतून फारसीत आलेल्या ‘तस्वीर’ची मराठीत ‘तसबीर’ झाली आणि तिला चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले चित्र, असा विशेष अर्थ चिकटला. इराणच्या काजार राजवटीच्या काळात, मुख्यतः १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि २० व्या शतकाच्या आरंभी, किरमान, काशान, तब्रीझ येथे विणलेल्या नमुन्यांना हाच अर्थ चपखल लागू पडतो. नेहमीच्या गालिच्याची नक्षी बहुधा चारी बाजूंनी सारखी असते. यांना मात्र डोके आणि पाय असतात, भोवतीची किनार चौकटीचे काम करते आणि पुष्कळदा ते भिंतीवरच टांगले जात. शिवाय यांतील कित्येक आकृत्या शिळाछापाच्या सचित्र पुस्तकांवरून आणि छायाचित्रांवरून उचललेल्या आहेत. हुशंग या पौराणिक राजाच्या सिंहासनाधिष्ठित आकृतीवर तर पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीतल्या शिल्पांची स्पष्ट छाया दिसते.

‘चित्रगालिचा’ हा संस्कृत-फारसी संकर मला खटकत नाही (असे संकर मराठीत ढिगाने आहेत), परंतु फुलापानांचा गालिचाही चित्रमयच असल्यामुळे तो शब्द फार ढिला पडतो. ‘भित्तिगालिचा’ची अडचण उलट आहे, तो फार आखूड पडतो, कारण चित्रे असलेला प्रत्येक गालिचा भिंतीसाठी नसतो. मिलानच्या पोल्दी पेत्सोली संग्रहालयातील प्रसिद्ध गालिच्यावर गियासुद्दीन जामी हे नाव आणि हिजरी सन विणलेला आहे, तो सन ९२९ (इ.स. १५२२-२३) की ९४९ (इ.स. १५४२-४३), याविषयी वाचनभेद आहेत. त्यावर घोडेस्वार शिकारी आहेत, पण ते मधल्या पदकाकृती नक्षीभोवती समतोलाने मांडलेले असून ही रचना जमिनीवर अंथरण्याच्या परंपरेतली आहे. काजारांच्या आधीच्या सफवी राजवटीतल्या अशा नमुन्यांना तसबीरही लागू नाही. त्यांना सरळ ‘शिकारीचा गालिचा’ म्हणावे.

‘तसबिरी गालिचा’ असे सुटसुटीत विशेषण करण्याचा मोह होईल. मात्र ‘तसबिरी’ हे ‘तसबीर’चे अनेकवचनही असल्याने घोटाळा संभवतो, म्हणून षष्ठीच बरी.