परामॅटा ईल्सचा 2025 चा मोसम ही खरी सुधारणा होती, की शेवटच्या विजयांची चकाकी?

आपला प्रश्न असा आहे की, सिडनीच्या परामॅटा ईल्स या रग्बी लीग संघाने 2025 च्या मोसमाचा शेवट न्यूकॅसलला 66-10 असे चिरडून केला, तर या संघाची खरोखर प्रगती झाली आहे काय, आणि 2026 साठी जी जमवाजमव झाली आहे तिच्या बळावर हा संघ पहिल्या आठांत, म्हणजे बाद फेरीत, येईल काय. मी वेस्टमीडला राहतो, मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि गेली 12 वर्षे मी या संघाचा सभासद आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचे नाही, एवढे आधीच सांगून टाकतो. 2026 चा पहिला सामना होण्यापूर्वी मी हे लिहीत आहे.

प्रगती झाली आहे, असेच माझे मत आहे. मात्र तिचा पुरावा त्या 66 गुणांत शोधू नये. न्यूकॅसलचा संघ त्या वर्षी 17 संघांच्या गुणतालिकेत तळाशी राहिला, त्यांचा मोसम मनाने केव्हाच संपला होता, आणि अशा संघाविरुद्ध सप्टेंबरच्या उन्हात ट्रायवर ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) होतात, त्याचे फार कौतुक करू नये. त्या निकालात एक गमतीचा भाग होता तो वेगळाच: आमच्या डिलन ब्राउनने ज्या संघाशी 2026 पासूनचा 10 वर्षांचा करार करून ठेवला होता, तो संघ हाच.

मोसमाची किंमत करायची तर आधी तो कोठून सुरू झाला ते पाहावे लागते. 2024 च्या मे महिन्यात क्लबने ब्रॅड आर्थर यांना प्रशिक्षकपदावरून दूर केले. ते 2014 पासून होते, 2018 मध्ये संघ तळाला गेला तेव्हाही टिकले होते आणि 2022 मध्ये त्यांनीच आम्हाला ग्रँड फायनलपर्यंत नेले होते. ती ग्रँड फायनल पेनरिथने 28-12 अशी जिंकली. ज्यांनी ती पाहिली त्यांना ठाऊक आहे की आमचे 12 गुण सामना हातचा गेल्यावर आलेले होते. त्यानंतर एकाच उन्हाळ्यात घर रिकामे व्हावे तसे झाले. हुकर, म्हणजे टॅकलनंतर जमिनीवरून चेंडू उचलून डाव पुढे नेणारा, रीड माहोनी कँटरबरीला गेला, आयझाया पपाली वेस्ट्स टायगर्सकडे, मराटा निउकोरे न्यूझीलंडच्या वॉरियर्सकडे आणि ओरेगॉन काउफुसी क्रोनुलाकडे गेला. हे चौघेही पुढच्या फळीतले, म्हणजे ज्यांच्या अंगावर सामन्याचा भार पडतो त्यांतले होते. त्यांच्या जागा त्याच तोडीच्या माणसांनी भरल्या गेल्या नाहीत. 2023 मध्ये संघ दहावा आला आणि 2024 मध्ये 7 विजयांसह पंधरावा. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्णधार क्लिंट गदरसनही सेंट जॉर्ज इलावाराला गेला.

जेसन रायल्स यांच्या हाती आले ते असे घर. त्यांची प्रमुख प्रशिक्षक म्हणून पहिली परीक्षा, योगायोगाने, मेलबर्न स्टॉर्मविरुद्ध होती, म्हणजे ज्या क्लबात ते साहाय्यक म्हणून काम शिकले त्याच क्लबाविरुद्ध, आणि तीत आम्ही 56-18 असे हरलो. त्या रात्री घरी कोणी फारसे बोलले नाही. अशा सुरुवातीनंतर 10 विजय, 14 पराभव आणि अकरावे स्थान, हा मोसमाचा जमाखर्च मला समाधानकारक वाटतो; विशेषतः त्या वर्षी पुढे विजेता ठरलेल्या ब्रिस्बेनलाही आम्ही 22-20 असे हरवले, हे लक्षात घेता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो की, रग्बी लीगमध्ये प्रत्येक संघाचे 13 खेळाडू मैदानात असतात आणि चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलचा, म्हणजे चेंडू घेतलेल्याला पकडून पाडण्याच्या सहा प्रसंगांचा, एक डाव मिळतो. सहाव्या टॅकलला चेंडू जागच्या जागी प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करावा लागतो, म्हणून पाचवा टॅकल झाला की बहुतेक वेळा चेंडूला किक मारून तो दूर धाडतात. (पुण्याहून आलेला माझा मेहुणा कबड्डीत मुरलेला आहे, त्याला पकडी लगेच कळल्या, पण पकडलेला माणूस बाद न होता पुन्हा उभा राहून खेळतो, हे काही शेवटपर्यंत पटले नाही.) प्रेक्षकांच्या लक्षात ट्राय राहतात, तथापि सामना बहुधा या पाचव्या टॅकलनंतरच्या किकवर झुकतो. ती किक नेमकी पडली तर प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या ट्रायरेषेजवळून, तीन-चार जण अंगावर घेत, डाव सुरू करावा लागतो. ती आखूड पडली तर तोच प्रतिस्पर्धी 40 मीटरच्या रेषेवरून ताज्या दमाने धावत येतो. असे आठ-दहा वेळा झाले की पुढच्या फळीचे पाय बोलू लागतात, आणि शेवटच्या 20 मिनिटांत ज्या ट्राय खाल्ल्या जातात त्यांचे खापर आपण बचावावर फोडतो.

2025 चा आमचा मोसम मी या एका गोष्टीवरून वाचतो. कर्णधार आणि संघाचा मुख्य किक मारणारा मिचेल मोझेस पायाच्या दुखापतीमुळे आरंभीचे सामने खेळला नाही, आणि पुढे जूनमध्ये स्टेट ऑफ ओरिजिनच्या (न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या राज्यसंघांच्या वार्षिक मालिकेच्या) दुसऱ्या सामन्याच्या सरावात त्याची पोटरी दुखावली. तो नसलेल्या सामन्यांत मी खेळाडूंकडे मुद्दाम पाहत असे. पाचव्या टॅकलला चेंडू मागे आला की क्षणभर एक विचित्र घालमेल दिसायची. दोघे-तिघे एकमेकांकडे पाहायचे आणि चेंडू अशा माणसाच्या हाती जायचा की ज्याने तो मागितलेलाच नव्हता. डीन हॉकिन्सने आपल्या परीने ते काम प्रामाणिकपणे केले, परंतु त्याच्या किकमध्ये आणि मोझेसच्या किकमध्ये जे 15 मीटरचे अंतर पडते, ते सामन्याच्या अखेरीस गुणफलकावर उमटते. ब्राउनकडूनही ते काम करवून घेतले गेले. तो मुळात चेंडू घेऊन धावणारा आणि कडवा टॅकल करणारा खेळाडू आहे, डाव मांडणारा नव्हे, आणि त्याला सूत्रधार करणे म्हणजे उत्तम पखवाजवाद्याला गायला बसवण्यासारखे होते.

याउलट ईस्टर सोमवारचा वेस्ट्स टायगर्सविरुद्धचा सामना आठवतो. हा सामना आमच्या भागात सणासारखाच असतो, आणि एप्रिल 2025 मध्ये तो आम्ही 38-22 असा जिंकला. या मैदानाचे सज्जे इतके उभे आहेत की वरच्या रांगेतून खेळाचा नकाशाच दिसतो. मी त्या दिवशी चेंडू सोडून मोझेसकडे पाहत होतो. तिसऱ्या टॅकललाच तो मागे सरकून आपली जागा धरायचा, हात वर न करता केवळ मान वळवून विंगवरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या, खेळाडूला खूण करायचा आणि चेंडू हाती येण्याआधीच प्रतिस्पर्ध्याचा फुलबॅक (सर्वांत मागे राहून किक झेलणारा) कोठे उभा आहे हे पाहून ठेवायचा. त्याची उंच किक हवेत डळमळते, गिरकी न घेता सरळ खाली पडते आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला शेवटच्या क्षणापर्यंत आपली जागा बदलावी लागते. माझ्या शेजारी बसलेले आजोबा आमचा 1980 च्या दशकातला हाफबॅक पीटर स्टर्लिंगच्या काळापासून येथे येतात. ते प्रत्येक किकच्या वेळी फक्त ‘हं’ म्हणत, आणि त्या ‘हं’च्या लांबीवरून मला किकचा दर्जा कळत असे.

तेव्हा संघातील कच्ची जागा कोणती, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की मोझेसनंतर दुसरा किक मारणारा कोण, हीच ती जागा. ब्राउनचा करार वृत्तपत्रांत 1.3 कोटी डॉलरच्या घरातला म्हणून गाजला. एवढी रक्कम त्याच्यासाठी देणे आम्हाला परवडण्यासारखे नव्हते आणि क्लबने ती स्पर्धा केली नाही, हे मला योग्य वाटते. क्लबच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असलेल्या, म्हणजे पगारमर्यादेच्या, खेळात एका माणसावर घर गहाण टाकू नये. 2016 मध्ये पगारमर्यादेचा भंग केल्याबद्दल याच क्लबाचे 12 गुण कापले गेले होते आणि 10 लाख डॉलरचा दंड झाला होता, हे येथे कोणी विसरलेले नाही. ब्राउनच्या जागी मेलबर्नचा जोना पेझेट येत आहे. तो खरा हाफबॅक आहे, किक मारतो, डाव मांडतो, आणि मोझेस जायबंदी झाला तर संघ अनाथ होणार नाही, एवढे तरी त्याच्यामुळे साधेल. मात्र त्याचा करार एकाच वर्षाचा आहे आणि 2027 पासून तो ब्रिस्बेनचा होणार, हे आजच ठरलेले आहे. भाडेकरूकडून घराला रंग लावून घेण्याचा हा प्रकार कितपत चांगला, याबद्दल आमच्या सज्ज्यात दोन तट पडले आहेत. मी बाजूने आहे, कारण पर्याय म्हणून बाजारात जे होते त्यांपैकी कोणीही पाचव्या टॅकलला शांत राहणारे नव्हते.

फुलबॅकबद्दल मी निश्चिंत आहे. गदरसन गेला तेव्हा त्याच्या जागी पेनरिथमधून आलेल्या आयझाया इओंगीचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नव्हते, आणि पहिल्या काही सामन्यांतच त्याने लोकांना गदरसनची आठवण काढण्याचे थांबवायला लावले. उंच चेंडूखाली तो अजून घाबरतो, परंतु चेंडू घेऊन परत येताना पहिला टॅकल चुकवण्याची त्याची हातोटी जन्मजात आहे. हुकरच्या जागी मोसमाच्या मध्यावर टायगर्सकडून टॅलिन दा सिल्वा आला, हा सौदा मला वर्षातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. माहोनी गेल्यापासून त्या जागेवर संघ नुसता दिवस काढत होता. विंगवर जॉश अ‍ॅडो-कार आहे, त्याच्या पायांत अजून वेग आहे आणि त्याच्या बडबडीने कोवळ्या संघाला धीर येतो, असे बाहेरून तरी दिसते.

दुसऱ्या विंगचे दुखणे मात्र ताजे आहे. झॅक लोमॅक्स 2025 मध्येच आला, न्यू साउथ वेल्सकडून खेळला आणि वर्ष सरता सरता, रग्बी युनियनच्या आर-360 या नव्या स्पर्धेकडे जाण्यासाठी, कराराची वर्षे शिल्लक असताना मुक्त झाला. लोमॅक्स गेल्याने गोलकिकसाठीचा (खांबांमधून चेंडू मारून गुण मिळवण्यासाठीचा) दुसरा पाय आणि स्वतःच्या क्षेत्रातून पहिले दोन टॅकल अंगावर घेणारा धिप्पाड माणूस, असे दोघे एकदमच गेले आहेत. गोल्ड कोस्टहून आलेला ब्रायन केली सेंटर म्हणून उपयोगी पडेल, पण तो लोमॅक्सची जागा भरणारा नाही.

पुढच्या फळीविषयी मला खरी काळजी वाटते. ज्युनियर पॉलोने 2022 च्या विश्वचषकात सामोआचे नेतृत्व करून त्यांना अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो आजही चेंडू हातावेगळा करताना भल्या-भल्या हाफबॅकना लाजवतो, परंतु तो पूर्वीइतकी मिनिटे खेळू शकत नाही. त्याच्या मदतीला आणलेला जॅक डी बेलिन त्याच्याहून वयाने मोठा आहे. अनुभव हवा हे मान्य. तरीही दोन थकत चाललेले खांदे मिळून एक ताजा खांदा होत नाही, आणि जी तरुण पोरे खालच्या श्रेणीतून वर येत आहेत त्यांना ऑगस्टच्या चिखलात 50 मिनिटे खेळण्याची सवय लागायला आणखी एक मोसम तरी जाईल. किक कितीही नेमकी पडली तरी तिच्यामागे ओळ धरून धावणारे पाय हवेत. ते थकले तर मोझेसची मेहनत वाया जाते.

येथील लोक इतके सावध का बोलतात, असेही आपण विचाराल. या संघाने 1981, 1982, 1983 आणि 1986 अशी चार विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी शेवटचे कँटरबरीविरुद्ध एकही ट्राय न होता 4-2 असे, आणि त्यानंतर आजवर एकही नाही. 1981 मध्ये पहिल्या विजेतेपदाच्या आनंदात चाहत्यांनी कंबरलँड ओव्हल या तेव्हाच्या मैदानाचा जुना लाकडी सज्जा जाळून टाकला होता. ज्यांनी ती आग पाहिली ते आता नातवंडांना घेऊन येतात, आणि मार्चमध्ये कोणी ‘यंदा आपलेच वर्ष’ म्हणाले की ते विषय बदलून चहाकडे वळतात.

माझा अंदाज मागाल तर तो असा आहे. मोझेस 24 पैकी 20 सामने खेळला आणि पेझेटने त्याच्याशी जुळवून घेतले, तर 12 किंवा 13 विजय मिळतील आणि सातव्या-आठव्या स्थानासाठी शेवटच्या आठवड्यापर्यंत झुंज होईल. तो पुन्हा दहा-बारा सामने बाहेर बसला, तर पेझेट असूनही संघ दहाव्या-अकराव्या जागीच राहील, कारण मग पेझेटवर दोघांचे काम पडेल आणि दुसरा किक मारणारा कोण, हा प्रश्न होता तेथेच उरेल. पहिल्या महिन्यात गुणतालिका पाहू नका. पाचव्या टॅकलनंतर प्रतिस्पर्धी आपला डाव कोणत्या रेषेवरून सुरू करतो, तेवढे मोजा. ती रेषा सातत्याने 20 मीटरच्या आत राहिली, तर सप्टेंबरची तिकिटे काढायला मी स्वतः रांगेत उभा असेन.