कोपरातल्या इम्प्लांटभोवती हाड झिजलेलं दिसतंय, म्हणजे इम्प्लांट ढिलं झालं का?

तुम्ही लिहिलंय की रेडियल हेड, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत जाणाऱ्या रेडियस हाडाचं कोपराकडचं गोल डोकं, बदलून वर्ष झालं, हात दुखत नाही, पण ताज्या रिपोर्टमध्ये इम्प्लांटभोवती हाडाची झीज आणि रेडिओल्युसंट रेघ, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारी काळी रेघ, आलीय, आणि आता घरचे 'काढून टाका' म्हणून मागे लागलेत. ते 'काढून टाका' वाचून राहवलं नाही.

माझ्या उजव्या कोपरात तेच आहे. पडले तेव्हा कोपर निखळलं, रेडियल हेडचा चुरा झाला आणि कोरोनॉइडचं, म्हणजे शेजारच्या अल्ना हाडाच्या पुढच्या उंचवट्याचं, टोकही तुटलं. हे तिन्ही एकदम झालं की सर्जन त्याला 'टेरिबल ट्रायड' म्हणतात. हेडचे तुकडे जोडण्यासारखे नव्हते, आणि लिगामेंट फाटलेलं असल्यामुळे हेड नुसतं काढून टाकलं असतं तर कोपर पुन्हा निखळण्याची भीती होती. म्हणून धातूचं हेड बसवलं. त्याचा दांडा रेडियस हाडाच्या आत जातो. हात चालू झाला. मी शिकवते, फळ्यावर लिहायला लागले, कुलपात किल्ली फिरायला लागली.

मग नेहमीच्या तपासणीच्या एक्स-रे फिल्ममध्ये इम्प्लांटच्या कॉलरखालचं, म्हणजे हेडच्या अगदी खालचं, रेडियसच्या मानेचं हाड बारीक झालेलं दिसलं. माझ्या दादाचं सगळं आयुष्य यंत्रांच्या देखभालीत गेलंय. त्याने फिल्म खिडकीशी धरली आणि निकाल दिला, "बोल्टाभोवती फट दिसली की बोल्ट ढिला. आणखी काय बघायचंय? काढून घे." घरात त्याचा शब्द चालतो, सगळ्यांना पटलं. तोच मला दुसऱ्या एका सर्जनकडे घेऊन गेला. त्यांनी ती एकच फिल्म पाहिली आणि इम्प्लांट काढायचं ठरवूनही टाकलं. माझा हात त्यांनी एकदाही वाकवून पाहिला नाही, कुठे दुखतं का विचारलं नाही, आधीच्या फिल्म मागितल्या नाहीत. याचा राग मला आजही आहे.

मी ऑपरेशनपासूनच्या सगळ्या फिल्म गोळा केल्या, तारखेप्रमाणे लावल्या आणि माझ्या मूळच्या सर्जनसमोर ठेवल्या. त्यांनी जे समजावलं ते दादाच्या बोल्टाच्या हिशेबात बसत नाही, कारण बोल्टाभोवतीचं लोखंड जिवंत नसतं. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवत राहतं. यूलियस वोल्फ या जर्मन सर्जनने हे 1892 मध्येच मांडलं होतं. हातावर जोर आला की तो रेडियसमधून वर दंडाच्या हाडाकडे जातो. पूर्वी तो मानेच्या हाडातून जायचा. आता धातूचा दांडा खाली जिथे हाडात घट्ट बसलाय तिथेच बराच भार उतरतो, आणि कॉलरखालच्या हाडाला काम उरत नाही. बिनकामाचं हाड शरीर कमी करतं. याला स्ट्रेस शील्डिंग म्हणतात. घट्ट ठोकून बसवलेल्या, म्हणजे प्रेस-फिट दांड्यांभोवती हे सर्रास दिसतं. बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या आसपास दिसायला लागतं आणि पुढे तिथेच थांबतं. माझ्या शेवटच्या दोन फिल्म शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांत काहीच फरक नव्हता.

रेघेचं म्हणाल तर आधी तुमचा दांडा कुठल्या जातीचा आहे ते शोधा. काही दांडे गुळगुळीत असतात आणि मुद्दाम सैल बसवतात. हेडची जागा भरून काढणं एवढंच त्यांचं काम. त्यांच्याभोवती रेघ येणारच. खरखरीत प्रेस-फिट दांड्याभोवती पूर्ण लांबीभर रेघ असेल, फिल्मागणिक रुंदावत असेल आणि वजन उचलताना किंवा मूठ आवळताना कोपराखाली दुखत असेल, तर मात्र लूझनिंगचा, म्हणजे इम्प्लांट ढिलं झाल्याचा, संशय घ्यायलाच हवा. रिपोर्ट लिहिणाऱ्याला दांडा कुठला हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. तो दिसलं ते लिहितो, आणि घाबरतो आपण.

दादाचा दुसरा हट्ट होता हात ओढून सरळ करण्याचा. हेही लिहून ठेवते, कारण तुमच्या घरीही कुणीतरी हे सांगेल. कोपराभोवती नको तिथे नवं हाडही धरतं, हेटेरोटॉपिक ऑसिफिकेशन. कोपर निखळून फ्रॅक्चर झालं असेल तर त्याचा धोका जास्त. जोर लावून ताणणं, मालीश करणं यातून दुखापत वाढते. स्वतःच्या स्नायूंनी, रोज, सोसेल तितकी हालचाल करायची. रोजच्या बहुतेक कामांना 30 ते 130 अंश वाकणं आणि तळहात दोन्हीकडे 50-50 अंश फिरणं पुरतं. माझा हात शेवटचे काही अंश सरळ होत नाही. माझं कुठलंच काम त्यावाचून अडलेलं नाही, आणि तरी दर भेटीत दादा तेवढंच बघतो.

आता दादाच्या बाजूचंही सांगायला हवं. इम्प्लांट खरंच ढिली होतात. लिगामेंट भरून आल्यावर हेड काढूनही अनेकांचं कोपर नीट राहतं. पण काढायला कारण लागतं, आणि हाडाने धरलेला दांडा उपसताना चांगलं हाडही जातं.

तुमचं दुखत नाही म्हणून मी एवढं ठामपणे लिहितेय. पुढचं काही असेल तर माझं सगळं बाजूला ठेवा. हेड गरजेपेक्षा उंच बसलं असेल तर समोरच्या कॅपिटेलमचं, म्हणजे दंडाच्या हाडाच्या खालच्या गोल टोकाचं, हाड झिजतं, आणि ही झीज मानेच्या झिजेसारखी सोडून देण्यातली नाही. रिपोर्टमधली झीज नेमकी कुठल्या हाडाची आहे, हे आधी विचारा. सूज, लाली, जखमेतून स्राव, ताप असेल तर जंतुसंसर्ग आहे का ते लगेच बघावं लागतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर अल्नार नर्व्हची, म्हणजे कोपरामागून जाणाऱ्या नसेची, तपासणी हवी. आणि दुखत नाही म्हणून ठरलेली फिल्म चुकवू नका. झीज थांबलीय की वाढतेय हे जुनी आणि नवी शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. दांड्याचा प्रकार ऑपरेशन नोटमध्ये किंवा फाइलला चिकटवलेल्या इम्प्लांटच्या स्टिकरवर सापडेल. तो कागद आणि सगळ्या फिल्म घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा.