देवयानी दीर्घिकेचे फोटो काढायचे आहेत, आठ इंची दुर्बीण घेऊ का?

तुमचा प्रश्न असा की पुण्यात राहता, कॅननचा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर आणि ७०-२०० एफ २.८ लेन्स आहे, देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ काढायचाय, हाताशी लाखभर रुपये आहेत, तर आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्यावी का. फोटोसाठी घ्यायची असेल तर नका घेऊ. डोळ्याने बघायला ती फार सुंदर वस्तू आहे, मी शनीची कडी पहिल्यांदा तशाच एका दुर्बिणीतून बघितली आणि तेव्हापासून या नादात आहे, पण फोटोचं गणित वेगळं असतं आणि त्यात पहिला पैसा माउंटवर, म्हणजे दुर्बीण किंवा कॅमेरा धरून फिरवणाऱ्या बैठकीवर घालायचा असतो.

का ते सांगतो. पृथ्वी फिरते म्हणून आकाश दर सेकंदाला साधारण १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनच्या आसपास धरला तर २०० एमएम लेन्सवर एक पिक्सेल म्हणजे साडेचार आर्कसेकंद, म्हणजे ट्रॅकिंग, म्हणजे ताऱ्यांसोबत कॅमेरा फिरवणं, नसेल तर एका सेकंदात तारा तीन पिक्सेल पळाला. आठ इंची दुर्बिणीची फोकल लेंथ १००० ते १२०० एमएम असते, तिथे तोच तारा सेकंदाला सतरा-वीस पिक्सेल पळतो. डॉब्सोनियन वरखाली आणि डावीउजवीकडे फिरते, ताऱ्यांसारखी ध्रुवाभोवती नाही, त्यामुळे तिला मोटर लावली तरी लांब एक्सपोजरमध्ये फ्रेम गोल फिरत जाते. आणि देवयानी आकाशात जवळपास ३ अंश लांब आहे, सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तेवढी, १००० एमएमवर तुमच्या सेन्सरमध्ये सव्वा अंशच मावतो, म्हणजे मधला उजळ गोळा येणार आणि बाकीची दीर्घिका बाहेर. २०० एमएमवर ती आख्खी मावते आणि आजूबाजूला जागाही राहते. म्हणजे देवयानीसाठी लागणारी दुर्बीण तुमच्याकडे आधीपासून आहे, तिला लेन्स म्हणतात एवढंच.

तेव्हा घ्यायचा तो स्टार ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवणारा छोटा माउंट. मी स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर वापरतो, त्यावर ५ किलो वजन चालतं असं कंपनी सांगते पण मी तीन किलोच्या वर जात नाही, कॅमेरा आणि लेन्स मिळून त्यात आरामात बसतात. वजनाच्या बाबतीत सगळ्याच माउंटना हा नियम लावा, लिहिलंय त्याच्या निम्मं ते दोन तृतीयांश. मी स्वतः आधी सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घेतली होती, तिच्यासोबत आलेला माउंट नुसत्या वाऱ्याने हलायचा, एक आख्खा हिवाळा तारे अंड्यासारखे लांबट येत राहिले आणि मला वाटायचं फोकस चुकतोय.

आता आपल्याकडची एक अडचण, जी परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे लावावा लागतो आणि ध्रुव तारा तुमच्या अक्षांशाइतकाच उंच असतो, पुण्यात फक्त साडेअठरा अंश. म्हणजे समोर बिल्डिंग आली की संपलं, डोंगर आला की संपलं, आणि दोन्ही नसले तर क्षितिजावरचा धूसरपणा. त्यामुळे जागा निवडताना अंधाराइतकीच उत्तर दिशा मोकळी आहे का हे दिवसा जाऊन बघून या. पोलर स्कोप, म्हणजे ध्रुव तारा बघून आस लावायची ट्रॅकरमधली छोटी दुर्बीण, इतका खाली तिरपा होतो की गुडघ्यावर बसून मान वाकडी करावी लागते, एक सतरंजी सोबत ठेवा. पुढे मोठा इक्वेटोरियल माउंट (ध्रुवाभोवती फिरणारा) घ्याल तेव्हा एवढ्या कमी अक्षांशावर काउंटरवेटचा, म्हणजे तोल साधायच्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो, ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये उंची वाढवणारा खांब, म्हणजे पिअर एक्स्टेन्शन लागतं, तेव्हा त्याचे पैसे धरूनच ठेवा.

बाकीच्या वस्तू छोट्या आहेत पण त्यांच्यावाचून रात्र फुकट जाते. इंटर्व्हलोमीटर, म्हणजे ठरवलेल्या वेळेने आपोआप फोटो काढणारा रिमोट, आणि बाहतिनोव्ह मास्क, ही लेन्ससमोर लावायची चिरा पाडलेली जाळी, उजळ ताऱ्याला तीन रेषा फुटतात आणि मधली रेष बरोबर मध्यात आली की फोकस झाला. मग ड्यू हीटर, लेन्स किंचित गरम ठेवून दव रोखणारा. पावसाळा संपल्यावर सह्याद्रीत इतकं दव पडतं की तासाभरात लेन्सवरून पाणी ओघळतं, वेल्ह्याकडे माझ्या दोन रात्री अशाच गेल्या, लेन्सला गुंडाळायची यूएसबीवरची पट्टी आणि एक चांगली पॉवरबँक यावर काटकसर करू नका. आणि जून ते सप्टेंबर सगळं सामान सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात, नाहीतर काचेला बुरशी धरते.

गायडिंग, म्हणजे दुसरा छोटा कॅमेरा ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला दुरुस्त करत राहतो ते, २०० एमएमवर एका मिनिटाच्या एक्सपोजरला लागत नाही, ४०० एमएमच्या पुढे गेलात की बघा. मग कूल्ड कॅमेरा, म्हणजे सेन्सर थंड ठेवणारा. तोही हळूहळू, पण आपल्या हवेत त्याचा उपयोग खरोखर मोठा आहे, कारण सेन्सरचं तापमान ६-७ अंशांनी वाढलं की त्याचा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेने तयार होणारा सिग्नल, साधारण दुप्पट होतो आणि एप्रिलच्या रात्री काय उकाडा असतो ते तुम्हाला माहितीच आहे. साधा डीएसएलआर ६५६ नॅनोमीटरचा हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे लाल तेजोमेघ, उदाहरणार्थ घोड्याच्या डोक्याच्या आकाराच्या काळ्या ढगामागचा (हॉर्सहेड), फिके येतात, पण देवयानी आणि एम ४२, म्हणजे मृगातला तेजोमेघ, यांचं त्याने फारसं अडत नाही. ड्युअल नॅरोबँड फिल्टर (तेजोमेघाच्या दोनच ठरावीक रंगांचा प्रकाश आत सोडणारा) लावून गच्चीवरून तेजोमेघ काढता येतात, दीर्घिका नाही, कारण ताऱ्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, देवयानीसाठी शहराबाहेर जावंच लागतं.

सॉफ्टवेअरला एक रुपयाही घालू नका, अनेक फोटो एकावर एक रचून एक करणारे सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर फुकट आहेत आणि पुरेसे आहेत.

उरलेल्या पैशात पेट्रोल. नोव्हेंबरच्या अमावस्येच्या आसपास जा, रात्री नऊच्या सुमारास देवयानी डोक्याच्या थोडी उत्तरेला असते, एफ ४, आयएसओ ८००, एक एक मिनिटाचे १२० फोटो, मग लेन्सवर टोपण लावून तसेच एकेका मिनिटाचे वीसेक डार्क (सेन्सरचा स्वतःचा गोंगाट वजा करायला), आणि पहाटे उजाडताना फोकस न हलवता लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून वीसेक फ्लॅट (कडेचा अंधार आणि धुळीचे डाग काढायला), तोपर्यंत मृगही मिळालेला असेल, मध्यरात्रीनंतर तो चांगला वर येतो.